पद कुणाच्या वाट्याला

गेल्या ऑगस्टमध्ये आमच्या जेवणाच्या टेबलावर भांडण झालं, तेही यंत्रमानवांवरून.

बाबा सांगलीहून सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आले होते. लेक सोळा वर्षांची, नाटकवेडी. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या मुख्य व्यावसायिक नाट्यगृहांत, तेव्हा 'मेबी हॅपी एंडिंग' नावाचं म्युझिकल चालू होतं, त्यावर तिचा फार जीव. पुढच्या काळातलं सोल शहर, कामातून बाद झालेले दोन यंत्रमानव, समोरासमोरच्या खोल्या आणि त्यांच्यात हळूहळू जुळत जाणारं काहीतरी, एवढीच गोष्ट. ह्यू पार्क आणि विल ॲरनसन या जोडीनं ते आधी कोरियन भाषेत केलं, २०१६ मध्ये सोलला रंगभूमीवर आणलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये ते न्यूयॉर्कला उघडलं आणि जून २०२५ मध्ये त्याला ब्रॉडवेवरच्या नाटकांसाठीचे सहा टोनी पुरस्कार मिळाले, सर्वोत्कृष्ट म्युझिकलचा धरून. नायकाचं काम करणाऱ्या डॅरेन क्रिसची आई फिलिपिनो. म्युझिकलमधल्या प्रमुख अभिनेत्याचा टोनी मिळवणारा तो पहिला आशियाई अमेरिकी. त्या रात्री लेक पुरस्कारसोहळा बघत जमिनीवर बसली होती आणि रडत होती.

दीड महिन्यात बातमी आली: क्रिस काही आठवडे सुट्टीवर जाणार आणि त्याच्या जागी एक गोरा नट उभा राहणार. आशियाई अमेरिकी कलावंतांमध्ये खळबळ उडाली. बी. डी. वाँग या ज्येष्ठ नटानं खुलं पत्र लिहिलं. लेक ते पत्र फोनवर मोठ्यानं वाचून दाखवत होती. बाबांनी आमटीभाताचा घास संपवला आणि शांतपणे म्हणाले, "यंत्रमानवाला कुठला आलाय वंश? नट म्हणजे नट. बालगंधर्व काय बाई होते?"

लेक ताट तसंच ठेवून वर गेली. मला तेव्हा काही बोलता आलं नाही. बाबांचा मुद्दा टाकाऊ नव्हता आणि लेकीचं दुःखही खोटं नव्हतं. दोन्ही एकाच टेबलावर कसं मांडायचं, हे तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

बाबा भावे नाट्यमंदिरात वाढले असं म्हटलं तरी चालेल. तिकिटाला पैसे नसायचे तेव्हा मागच्या दाराशी उभं राहून त्यांनी पदं ऐकली आहेत. कुठल्या पदाला वन्स मोअर येणार आणि कुठल्या तानेला गायक अंग चोरणार, हे त्यांना आधीच कळतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना ते स्वतःशीच 'स्वयंवरा'तलं 'नाथ हा माझा' गुणगुणत होते. मी विचारलं, "बाबा, रुक्मिणीच्या मागे ज्या दासी उभ्या असतात, त्यांना काय हवं असतं?"

ते हसले. "त्यांना कशाला काही हवं असेल? त्यांना पद कुठाय?"

हेच तर मला म्हणायचं होतं, ते बाबांनीच म्हणून टाकलं. संगीत नाटकात ज्याला पद, त्याला मन. रुक्मिणीला कृष्ण हवा आहे हे भाऊ, वडील, बंदोबस्त या सगळ्यांच्या आधी आपल्याला कळतं, कारण ती ते गाते. गद्यात सांगितलं असतं तर आपण ऐकलं असतं. गायल्यावर आपण तिच्या बाजूचे होतो. पुढे कुणी तिच्या आड आलं की आपल्याला राग येतो. म्युझिकलचंही तेच. पहिल्या अंकात, बहुतेक वेळा दुसऱ्या-तिसऱ्या गाण्यातच, नायिका पुढे येऊन आपल्याला आयुष्याकडून काय हवंय ते गाऊन मोकळी होते. पुढचे दोन तास प्रेक्षक तिच्यासाठी तेच मागत बसतात. त्यामुळे अमेरिकेत कुणाकुणाला हे गाणं मिळालं आणि कुणाला फक्त मागे उभं राहायला मिळालं, ही मोजदाद मला महत्त्वाची वाटते.

१९४९ चं 'साउथ पॅसिफिक' घ्या. रॉजर्स आणि हॅमरस्टाइन यांचं, पुलित्झर मिळवलेलं, वंशद्वेषाच्या विरोधात उभं राहिलेलं. त्या काळात ते करणं धाडसाचं होतं आणि ते श्रेय मी कमी करणार नाही. त्यात लिआत नावाची कोवळी टॉन्किनी मुलगी आहे, आजच्या उत्तर व्हिएतनामच्या भागातली. अमेरिकन लेफ्टनंट केबल तिच्या प्रेमात पडतो. तिची आई गाते. केबल गातो. माणसाला द्वेष जन्मजात नसतो, तो शिकवावा लागतो, हे नाटकातलं गाजलेलं गाणंही केबलच्याच तोंडी आहे. लिआत? आई गात असताना ती बोटांनी मुद्रा करते. तिच्यावर प्रेम केलं जातं, तिच्यावरून भांडण होतं, केबल मरतो तेव्हा ती शोक करते, आणि अख्ख्या नाटकात तिला स्वतःचं एक गाणं नाही. मूळ प्रयोगात ती भूमिका बेटा सेंट जॉन या गोऱ्या अमेरिकन अभिनेत्रीनं केली होती. द्वेषाविरुद्ध मनापासून लिहिणाऱ्यांनाही त्या मुलीला गाऊ द्यावं असं सुचलं नाही. त्यात दुष्टपणा नव्हता. तिच्या आत काय असेल याची कल्पनाच कुणाला करता आली नसावी.

याच जोडीनं नऊ वर्षांनी 'फ्लॉवर ड्रम साँग' केलं. सान फ्रान्सिस्कोच्या चायनाटाउनमधलं घर. गळाबंद चिनी कपडे न सोडणारा, बँकेवर विश्वास नसलेला बाप. अमेरिकन होत चाललेली मुलं. सी. वाय. ली यांच्या १९५७ च्या कादंबरीवरून घेतलेलं हे म्युझिकल १ डिसेंबर १९५८ ला ब्रॉडवेवर उघडलं आणि त्याचे सहाशे प्रयोग झाले. इथे पहिल्यांदा आशियाई चेहऱ्यांची माणसं आपापल्या घरात, आपापसात, आपापल्या भानगडींबद्दल गात होती. आज बघताना त्यातलं बरंच खटकतं. पण मला त्या नाटकाकडे पुन्हा पुन्हा ओढून नेतो तो एक नट, जॅक सू.

सू हे चिनी नाव. त्याचं खरं नाव गोरो सुझुकी. जपानी आईबापांचा, कॅलिफोर्नियात वाढलेला मुलगा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेनं आपल्याच जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडलं, तेव्हा गोरो युटा राज्यातल्या टोपाझच्या छावणीत होता. तिथून सुटल्यावर जपानी नावानं कुणी उभं करीना, म्हणून तो जॅक सू झाला. सान फ्रान्सिस्कोत 'फॉरबिडन सिटी' नावाचा नाइटक्लब होता. तिथे 'चिनी' कलावंत नाचगाणी आणि विनोद करत, त्यातले काही मुळात जपानी, कोरियन, फिलिपिनो असत. तिथेच जीन केली या दिग्दर्शकानं त्याला हेरलं आणि ब्रॉडवेवर नेलं. त्याच नाटकातली नाइटक्लबची नायिका पॅट सुझुकी. तिचं बालपणही कोलोरॅडोच्या छावणीतून गेलेलं. म्हणजे ज्या नाटकात चिनी माणसं आनंदानं 'आम्ही आता अमेरिकन' असं गात होती, ते गाणारे काही जण पंधरा वर्षांपूर्वी याच देशाच्या काटेरी तारेमागे होते. त्यांच्याकडे गाण्यासारखं केवढं होतं! पण तिकीट काढून आलेल्या माणसाला त्यातलं काहीही ऐकू येणार नव्हतं. त्यांना पद मिळालं, पण ते दुसऱ्याच्या आयुष्याचं.

२००२ मध्ये डेव्हिड हेन्री ह्वांग या चिनी अमेरिकी नाटककारानं त्या जुन्या सुरावटी तशाच ठेवून संहिता नव्यानं लिहिली. त्यात बाप चायनाटाउनमध्ये चिनी ऑपेराचं थिएटर चालवतो, प्रेक्षक येत नाहीत, आणि मुलाला तिथे नाइटक्लब करायचाय. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते एकदम सरसावून बसले. बोलपट आल्यावर नाटक मंडळ्या कशा मोडल्या, कुठल्या नाटकगृहाचं टॉकीज झालं, हे त्यांच्या वडिलांनी त्यांना सांगितलेलं. "म्हणजे आपलंच की हे," ते म्हणाले. ते थिएटर चिनी आहे हे त्यांच्या लेखी कधीच बाजूला पडलं होतं.

आता बालगंधर्वांकडे यायला हवं, कारण तो प्रश्न टाळून पुढे जाणं अप्रामाणिक होईल.

१९८९ मध्ये लंडनला 'मिस सायगॉन' आलं. त्यातला 'इंजिनिअर' हा अर्धा फ्रेंच, अर्धा व्हिएतनामी दलाल. ते काम वेल्श नट जोनाथन प्राइसनं केलं. लंडनमध्ये त्यासाठी तो त्वचेला रंग लावत असे आणि डोळ्यांचा आकार बदलायला कृत्रिम साधनं वापरत असे. न्यूयॉर्कला येताना त्यालाच आणायचं ठरलं, तेव्हा नटांच्या संघटनेनं, ॲक्टर्स इक्विटीनं, ऑगस्ट १९९० मध्ये परवानगी नाकारली. आघाडीवर ह्वांग होते आणि बी. डी. वाँग होता, पस्तीस वर्षांनी ज्याचं पत्र माझी लेक वाचून दाखवणार होती तोच. निर्माते कॅमेरॉन मॅकिन्टॉश यांनी प्रयोगच रद्द केला. आगाऊ तिकीटविक्री सुमारे अडीच कोटी डॉलरची झालेली. काही दिवसांतच संघटनेनं निर्णय फिरवला. एप्रिल १९९१ मध्ये नाटक उघडलं, प्राइसला टोनी मिळाला. नायिका किमचं काम करणाऱ्या फिलिपिन्सच्या लेआ सालोंगालाही मिळाला. ती वीस वर्षांची होती आणि तिचा आवाज अजूनही माझ्या अंगावर काटा आणतो.

प्राइस वाईट नट नव्हता, उत्तम होता. आणि कलावंतानं स्वतःपलीकडचं काही करूच नये असं मी म्हणत नाही. तसं झालं तर नाटक संपेल. मग बालगंधर्वांना डोक्यावर घ्यायचं आणि प्राइसला हरकत, हे कसं?

मला सुचलेलं उत्तर असं. आपल्याकडे पुरुष स्त्रीभूमिका करत, कारण घरंदाज बाईनं नाटकात उभं राहणं हे पाप मानलं जात होतं. दार बंद होतं. बंद दारापुढे बालगंधर्वांनी जे उभं केलं ते अलौकिक होतं, पण त्या अलौकिकामुळे दार बंद असल्याचं दुःख मागे पडलं हेही खरं. आत किती आवाज होते आणि ते स्वयंपाकघरातच कसे विरले, याची नोंद कुणाकडे नाही. १९३३ मध्ये 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे रंगमंचावर आल्या आणि त्यानंतर हळूहळू सगळं पालटलं. आज एखाद्या निर्मात्यानं 'रुक्मिणीसाठी योग्य बाई मिळाली नाही' असं सांगितलं तर बाबाच पहिले उठून विचारतील, शोधलीस कुठे? १९९० मध्ये न्यूयॉर्कच्या दारात उभे असलेले आशियाई अमेरिकी नट हेच विचारत होते. आणि ब्रॉडवेवर प्राइसनंतर ती भूमिका आशियाई वंशाच्या नटांनी वर्षानुवर्षं केली, म्हणजे नट नव्हते असं नव्हतंच.

हे मी बाबांना सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "पण ती किम... ती मरते ना शेवटी?" हो, मरते. मुलाला अमेरिका मिळावी म्हणून स्वतःला गोळी घालते. तिला पदं भरपूर आहेत, पण सगळी त्यागाची.

मी स्वतः इथे आले तेव्हा, २००४ च्या उन्हाळ्यात, ब्रॉडवेवर 'बॉम्बे ड्रीम्स' चालू होतं. ए. आर. रहमानचं संगीत, मुंबईच्या झोपडपट्टीतला सिनेमात जाऊ पाहणारा मुलगा, रंगमंचावर खरोखरचं कारंजं आणि 'छैयाँ छैयाँ'. नोकरीच्या पहिल्या काही पगारांतून तिकीट काढलं होतं. थिएटरात साड्या, अत्तर, मागच्या रांगेत गुजराती, पुढे तेलुगू. मध्यंतरात अनोळखी बाईनं मला खाकऱ्याचं पाकीट पुढे केलं. मी खूश होऊन घरी आले. पुढच्या जानेवारीत नाटक बंद झालं. खूप नंतर माझ्या लक्षात आलं की नायक-नायिकेचं काम करणारे मनू नारायण आणि अनिशा नागराजन अमेरिकेत वाढलेले होते. त्यांचे आईवडील इथे कसे आले, शाळेच्या डब्यात काय न्यायचे, घरी कुठली भाषा आणि बाहेर कुठली, यातलं काहीच त्या नाटकात असायचं कारण नव्हतं. ते मुंबईबद्दल होतं. आणि मीही त्या रात्री मुंबईसाठीच गेले होते, इथल्यासाठी नाही. इथली अशी आपली काही गोष्ट असते, हेच मला तेव्हा माहीत नव्हतं.

आशियातली गोष्ट आणि आशियाई अमेरिकी माणसाची गोष्ट यांतला हा फरक मला लेकीनं शिकवला. २०२२ मध्ये 'दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे'वरचं म्युझिकल सान दिएगोच्या ओल्ड ग्लोब थिएटरात आलं. त्यात सिमरन भारतीय अमेरिकी होती, पण राजचा 'रॉग' झाला होता, एक गोरा अमेरिकन. लेक तेव्हा तेरा वर्षांची. तिनं एवढंच विचारलं, "म्हणजे इथे वाढलेला राज असूच शकत नाही का?" तिच्या वर्गात तसे चार राज होते.

यापुढचं 'अलीजन्स' या म्युझिकलबद्दल. ते मी डिसेंबर २०१५ मध्ये एकटीनं पाहिलं.

त्याच्या मुळाशी आहेत 'स्टार ट्रेक' या टीव्ही मालिकेतले नट जॉर्ज टाकेई. १९४२ मध्ये, पाच वर्षांचे असताना, सैनिकांनी लॉस एंजेलिसच्या घरातून त्यांना कुटुंबासकट बाहेर काढलं. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी त्या वर्षी १९ फेब्रुवारीला आदेश क्रमांक ९०६६ वर सही केली आणि जपानी वंशाची सुमारे १,२०,००० माणसं छावण्यांत गेली. त्यातली बहुसंख्य जन्मानं अमेरिकन नागरिक. टाकेई कुटुंब आधी घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानावर तबेल्यात, मग आर्कान्सामधल्या रोवरला, मग कॅलिफोर्नियातल्या टूली लेकला. छावणीत सगळ्या प्रौढांना एक प्रश्नपत्रिका भरावी लागली. सत्ताविसावा प्रश्न: अमेरिकेच्या सैन्यात लढाल का? अठ्ठाविसावा: अमेरिकेशी निष्ठेची शपथ घेऊन जपानच्या सम्राटाची निष्ठा सोडाल का? ज्यांनी त्या सम्राटाला कधी आपला मानलंच नव्हतं, त्यांनी 'सोडतो' असं लिहिलं तरी पूर्वी धरली होती हे कबूल केल्यासारखं. आणि तारेमागे कोंडलेल्या माणसाला विचारायचं, आमच्यासाठी मरशील का?

किशोरवयात टाकेई वडिलांवर चिडले होते: तुम्ही आम्हाला मेंढरांसारखं नेलंत. वडील उठून आपल्या खोलीत गेले. त्यांची माफी मागायची राहून गेली, हे टाकेईंनी कितीदा तरी जाहीरपणे सांगितलंय. पुढे २००८ मध्ये ते 'इन द हाइट्स' हे म्युझिकल बघायला गेले. त्यात पोर्तो रिकोहून आलेला एक बाप, मुलीसाठी काही करता येत नाही म्हणून, आपल्या निरुपयोगीपणावर गातो. ते ऐकून टाकेईंना रडू आवरेना. शेजारी भेटलेल्या संगीतकार जे कुओ यांनी विचारलं, आणि त्या बोलण्यातून 'अलीजन्स' जन्मलं. स्पॅनिश बोलणाऱ्या बापाच्या गाण्यात जपानी मुलाला आपला बाप सापडला, तेव्हा कुठे आपल्या बापालाही गाणं असायला हवं होतं हे त्याच्या ध्यानात आलं.

नोव्हेंबर २०१५ मध्ये, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, टाकेईंनी ब्रॉडवेवर पहिलं पाऊल ठेवलं. वायोमिंगच्या हार्ट माउंटन छावणीतलं किमुरा कुटुंब; बाप दोन्ही प्रश्नांना 'नाही' म्हणतो, मुलगा सैन्यात जातो, बहीण, म्हणजे लेआ सालोंगा, सैन्यभरतीला नकार देणाऱ्यांच्या बाजूनं उभी राहते. भाऊ-बहीण उरलेलं आयुष्य एकमेकांशी बोलत नाहीत. नाटक म्हणून त्यात कच्चे दुवे होते, काही गाणी ओळखीच्या वळणाची होती. ते फेब्रुवारीतच बंद पडलं. पण माझ्या शेजारी एक वृद्ध जपानी जोडपं होतं. त्या प्रश्नांचा प्रवेश आला तेव्हा त्या आजोबांनी कोटाचं वरचं बटण लावलं आणि संपेपर्यंत तसेच ताठ बसून राहिले. ते छावणीत होते का, मी विचारलं नाही. त्या माणसांनी चाळीस-चाळीस वर्षं आपल्या मुलांनाही काही सांगितलं नव्हतं. १९८८ मध्ये सरकारनं कायदा करून माफी मागितली, हयात असलेल्यांना प्रत्येकी २०,००० डॉलर दिले. ते मी पुस्तकात वाचलं होतं, पण बापाचं 'नाही' कसं असतं, ते त्या रात्री गाण्यातून ऐकलं.

आणि आमच्या घरी? लेकीच्या शाळेत दरवर्षी मोठं म्युझिकल होतं. दोन वर्षं ती समूहात होती, कोरसमध्ये, कधी बाजारातली बाई, कधी पाहुणी. गेल्या वर्षी नायिकेच्या बहिणीसाठी तिची चाचणी चांगली झाली, तिच्या मैत्रिणींनाही तसंच वाटलं. शिक्षिका प्रेमळ होत्या. प्रेमळपणेच म्हणाल्या की बहिणी बहिणींसारख्या दिसायला हव्यात, प्रेक्षकांना पटायला हवं. गाडीत बसल्यावर तिनं मला ते सांगितलं. मी म्हणाले, "जाऊ दे, पुढच्या वर्षी बघू." मला राग आला होता, पण तिच्यापाशी तो मी दाखवला नाही. तो दाखवायला हवा होता. माझं 'जाऊ दे' तिला शिक्षिकेच्या वाक्याहून जास्त लागलं असणार. बाबांना हे काहीच माहीत नव्हतं. यंत्रमानवांवरच्या भांडणानंतर आठवड्यानं मी त्यांना सांगितलं.

त्यांनी त्यावर मत दिलं नाही. फक्त विचारलं, "यंदा कधी आहे चाचणी?"

ऑक्टोबरमध्ये होती. लेकीनं 'अलीजन्स'मधलं सालोंगाचं 'हायर' निवडलं. बाबा रोज संध्याकाळी वर तिच्या खोलीत जाऊन बसू लागले, फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावून. ते तिला म्हणायचे, ही कोण, हिची आई कुठाय, हिला काय हवंय ते आधी सांग, सूर नंतर. लेक अर्ध्या मराठीत, अर्ध्या इंग्रजीत त्यांना हार्ट माउंटन समजावायची. एकदा मी धुतलेल्या कपड्यांची बादली घेऊन वर गेले तर आतून तिचा आवाज येत होता, आणि वरच्या जागी तो किंचित फाटला.

"थांब," बाबा म्हणाले. "अर्धा सूर खाली घे, त्यात कमीपणा काही नाही. आणि त्या शेवटच्या ओळीआधी श्वास कुठे घेतेस? तो दिसला पाहिजे. तिनं तो इतकी वर्षं धरून ठेवलाय."